लेड-ॲसिड बॅटरीचा अभ्यास : क्षमता, चार्जिंग आणि नोंदी

लेड-ॲसिड बॅटरी तपासायला घेतलेला माणूस बहुधा पहिल्यांदा मल्टिमीटर उचलतो आणि टर्मिनलवरचा आकडा पाहून बॅटरीची प्रकृती ठरवून टाकतो. मात्र एकट्या व्होल्टेजला फारसा अर्थ नसतो. १२ व्होल्टची बॅटरी काही तास निवांत ठेवल्यावर १२.४ व्होल्ट दाखवत असेल, तर ती साधारण पाऊण भरलेली आहे. तीच बॅटरी बऱ्यापैकी लोड चालवत असताना १२.४ दाखवत असेल, तर ती जवळजवळ भरलेली असू शकते आणि चार्जर नुकताच लावलेला असताना हाच आकडा दिसला, तर ती बरीच रिकामी असण्याचा संभव आहे. म्हणून प्रत्येक नोंदीत व्होल्टेज, प्रवाह, तापमान आणि वेळ या चारही गोष्टी एकत्र हव्यात. यांतली एक जरी सुटली, तरी ती नोंद पुढे कशाशीही ताडून पाहता येत नाही.

कामाला लागण्यापूर्वी सुरक्षिततेची व्यवस्था करावी. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात आणि हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, त्यामुळे खोली हवेशीर असावी आणि वायर लावताना वा काढताना चार्जर आधी बंद करावा. चष्मा व रबरी हातमोजे वापरावेत, हातातली अंगठी व कडे काढून ठेवावे आणि सांडलेल्या आम्लावर टाकण्यासाठी खाण्याचा सोडा जवळ असावा.

पहिला प्रयोग क्षमतेचा. तो नीट झाला नाही, तर पुढचे सगळे आकडे अधांतरी राहतात. बॅटरीवर छापलेले १०० अँपिअर-तास (प्रवाह गुणिले तास, म्हणजे तिची क्षमता) हे एका ठरावीक दराचे असतात. २० तासांचा दर असेल, तर ५ अँपिअरचा स्थिर प्रवाह काढत बॅटरी १०.५ व्होल्टवर, म्हणजे तिच्यातल्या सहा सेलपैकी प्रति सेल १.७५ व्होल्टवर येईपर्यंत २० तास टिकावी, असा त्याचा अर्थ होतो. १० तासांच्या दरासाठी ही सीमा बहुधा प्रति सेल १.८० व्होल्ट धरतात. उत्पादकाने कोणता दर धरला आहे, हे पाहिल्याशिवाय दोन बॅटऱ्यांची तुलना करू नये. चाचणीपूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, काही तास तशीच ठेवावी, तिचे तापमान नोंदवावे आणि मग स्थिर प्रवाहाच्या लोडवर ती सोडावी. साधा बल्ब किंवा रेझिस्टर लावला, तर व्होल्टेज उतरते तसा प्रवाहही उतरतो. त्यामुळे असा लोड असेल, तर प्रवाहाची सलग नोंद करून अँपिअर-तासांची बेरीज करावी लागते. नव्या बॅटरीची क्षमता पहिल्या काही फेऱ्यांत थोडी वाढते, म्हणून पायाभूत आकडा पहिल्याच चाचणीवरून ठरवू नये.

प्रवाह वाढवला की मिळणारी क्षमता घटते. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये हा संबंध एका घातांकाच्या रूपात मांडला. प्रवाहाचा हा घात आणि वेळ यांचा गुणाकार स्थिर राहतो, असे त्यांचे सूत्र आहे. घातांक १.२ मानला, तर ५ अँपिअरवर २० तास चालणारी बॅटरी २० अँपिअरवर ५ तास चालत नाही. ती सुमारे ३.८ तासच चालते आणि सुमारे ७६ अँपिअर-तास देते. आपल्या बॅटरीचा घातांक काढण्यासाठी दोन वेगवेगळ्या प्रवाहांवर चाचणी घ्यावी आणि दोन वेळांच्या गुणोत्तराच्या लॉगला प्रवाहांच्या उलट्या गुणोत्तराच्या लॉगने भागावे. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. उरलेले २४ अँपिअर-तास नाहीसे झालेले नसतात. प्लेटच्या छिद्रांत आम्ल पुरेशा वेगाने पोहोचत नाही म्हणून व्होल्टेज लवकर कोसळते. बॅटरीला विश्रांती देऊन कमी प्रवाह काढला, तर त्यातला बराच भाग परत मिळतो. पॉयकर्टचा हिशेब थेट शिल्लक चार्ज मोजायला वापरणारी उपकरणे बदलत्या लोडवर फसतात, ती यामुळेच.

ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात, तिच्यात हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी नळी, हे अजूनही सर्वांत प्रामाणिक साधन आहे, असे माझे मत आहे. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी वाढते; म्हणून इलेक्ट्रोलाइटचे (आम्ल-पाण्याच्या द्रवाचे) विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत त्याची घनता, हाच चार्जचा आरसा ठरतो. पूर्ण चार्ज बॅटरीत ते साधारण १.२६५ ते १.२८० असते आणि रिकाम्या बॅटरीत १.१२ च्या आसपास उतरते. तापमान १० अंशांनी वाढले की वाचन सुमारे ०.००७ ने कमी दिसते, तेव्हा संदर्भ तापमानावर आणण्यासाठी तेवढे मिळवावे. विश्रांतीनंतरचे प्रति सेल व्होल्टेज हे विशिष्ट गुरुत्व अधिक ०.८४ इतके असते. १.२७० ला २.११ व्होल्ट, म्हणजे सहा सेलला १२.६६ व्होल्ट यायला हवेत. हे दोन आकडे जुळत नसतील, तर बॅटरीला पुरेशी विश्रांती मिळालेली नाही किंवा आम्लाचे थर पडले आहेत. जड आम्ल तळाशी बसते आणि हायड्रोमीटर मात्र वरचेच द्रव ओढतो. सेलसेलमधला फरक ०.०३० हून अधिक असेल, तर समतोल चार्ज (मागे पडलेले सेल भरावेत म्हणून मुद्दाम दिलेला जास्तीचा चार्ज) देऊन पुन्हा मोजावे आणि तरीही एखादा सेल मागे राहत असेल, तर त्याच्यावर संशय घ्यावा.

चार्जिंगच्या प्रयोगात आधी टप्पे वेगळे ओळखावेत. सुरुवातीला चार्जर ठरावीक प्रवाह देतो आणि व्होल्टेज चढत जाते. ते प्रति सेल २.४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे १४.४ व्होल्टवर पोहोचले की स्थिर ठेवले जाते आणि प्रवाह हळूहळू उतरतो. शेवटी बॅटरी सुमारे १३.५ ते १३.८ व्होल्टच्या फ्लोटवर, म्हणजे तिला भरलेली टिकवणाऱ्या कमी व्होल्टेजवर, ठेवतात. पहिला मोठा हिस्सा लवकर भरतो, शेवटच्या पाचव्या हिश्श्याला मात्र तासन् तास लागतात आणि घाईत तोच अर्धवट सुटतो. असे रोज झाले, तर लेड सल्फेटचे स्फटिक मोठे व टणक होत जातात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणून चार्ज संपल्याचा निकष घड्याळावर ठेवू नये. स्थिर व्होल्टेजवर प्रवाह क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरला आणि तासातासाने घेतलेली विशिष्ट गुरुत्वाची तीन वाचने सारखी आली, म्हणजे बॅटरी भरली असे समजावे.

तापमान येथेही लुडबुड करते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला प्रति सेल साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट चार्जिंग व्होल्टेज कमी करावे लागते. ४ मिलिव्होल्ट धरले, तर ४० अंशांवरच्या बॅटरीला १४.४ ऐवजी १४.०४ व्होल्ट पुरतात. अशी भरपाई न करणारा चार्जर उष्ण खोलीत बॅटरी उकळत ठेवतो आणि थंडीत तिला उपाशी ठेवतो. जास्तीचा चार्ज पाणी फोडण्यात जातो व त्याचा हिशेब सरळ आहे. प्रत्येक अँपिअर-तासाला प्रत्येक सेलमधून ०.३३६ ग्रॅम, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीतून सुमारे २ ग्रॅम पाणी कमी होते. चाचणीआधी व नंतर बॅटरीचे वजन केले, तर हे जास्तीचे अँपिअर-तास ताडून पाहता येतात. पाणी भरायचे ते डिस्टिल्डच आणि चार्ज पूर्ण झाल्यावर. आम्ल कधीही ओतू नये. सीलबंद बॅटरीत गेलेले पाणी परत घालता येत नाही, म्हणून तिला उत्पादकाने सांगितल्याशिवाय समतोल चार्ज देऊ नये.

दीर्घकालीन देखरेखीसाठी निगेटिव्ह वायरमध्ये शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी लहान, नेमक्या मूल्याचा रेझिस्टर) बसवून प्रवाह मोजावा, व्होल्टेजच्या वायर मात्र थेट टर्मिनलवरून स्वतंत्र घ्याव्यात. लोडच्याच वायरवरून मोजले, तर वायरमधली घट बॅटरीच्या नावावर जमा होते. तापमानाचा सेन्सर निगेटिव्ह टर्मिनलला किंवा खोक्याच्या बाजूला चिकटवावा, कारण खोलीचे तापमान आणि बॅटरीचे तापमान यांत बराच फरक पडतो. अँपिअर-तासांची बेरीज करणाऱ्या मोजणीत लहान चूक साठत जाते. मीटरने शून्य प्रवाहाला ०.१ अँपिअर दाखवले, तर दिवसाला २.४ अँपिअर-तासांची खोटी भर पडते. त्यावर उपाय म्हणजे वर सांगितलेल्या निकषाने बॅटरी खरोखर भरली की मोजणी पुन्हा १०० टक्क्यांवर आणणे. टाकलेले आणि काढलेले अँपिअर-तास यांचे गुणोत्तरही ठेवावे. ते साधारण १.०५ ते १.२० असते आणि एकाच चार्जिंग पद्धतीवर ते सतत वाढू लागले, तर बॅटरी म्हातारी होत चालली आहे. चार बॅटऱ्या मालिकेत जोडल्या असतील, तर एकूण व्होल्टेजऐवजी मधल्या जोडणीवरचे व्होल्टेज पाहावे. खराब सेल तेथे आधी दिसतो.

अंतर्गत रोध मोजणारी उपकरणे उपयुक्त आहेत, पण त्यांचा आकडा तक्त्याशी ताडण्यापेक्षा त्याच बॅटरीच्या नव्या असतानाच्या आकड्याशी, तितक्याच चार्जवर व तितक्याच तापमानावर ताडावा. रोध वाढला म्हणून क्षमता नेमकी किती घटली, हे त्यावरून सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी ठरावीक काळाने पूर्ण क्षमता चाचणीच घ्यावी लागते. ती घेताना प्रवाह, अंतिम व्होल्टेज आणि तापमान पहिल्या चाचणीइतकेच ठेवावे. मिळालेली क्षमता छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरीचे आयुष्य संपले, असा प्रचलित निकष आहे. तुलना दोन चार्जिंग पद्धतींची असेल, तर प्रत्येक पद्धतीला एकाच उत्पादन तुकडीतल्या किमान तीन बॅटऱ्या द्याव्यात आणि मधला एखादा सेल अकाली बिघडला, तर त्या बॅटरीचे आकडे सरासरीत न मिसळता वेगळे दाखवावेत.