पूर नियंत्रण कक्ष: माणसं बसवताना या चुका टाळा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका. नियंत्रण कक्षात कोण काय बघणार हे त्याच्या कितीतरी आधी ठरायला हवं. ते ठरतं मात्र फोन खणखणायला लागल्यावर.

महागात पडणारी चूक म्हणजे कामवार वाटणी शेवटपर्यंत तशीच ठेवणं. बोटी एकाकडे, डॉक्टर दुसऱ्याकडे, जेवण तिसऱ्याकडे. निवारा केंद्रांत रोज ठरल्या वेळी डबे पोचवायला ही वाटणी झकास. मागणी आदल्या दिवशीच कळलेली असते. पण रात्री दोनला फोन येतो, छतावर सात माणसं, त्यात एक बाळंतीण. मग एका फोनसाठी तीन टेबलं फिरावी लागतात. काठावर बोटी रिकाम्या आणि वहीत फोन तुंबलेले दिसले, तर जादा बोटी मागवण्याआधी वाटणी तपासा. ती विभागवार, म्हणजे भागाप्रमाणे करा: कृष्णाकाठ एकाकडे, वारणाकाठ दुसऱ्याकडे द्या. प्रत्येकाच्या हाताशी थोड्या बोटी आणि एक वैद्यकीय पथक. थोडी साधनं पडून राहतील. राहू द्या.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी चार-चार जणांच्या संघांना संगणकावरच्या खेळात हद्द राखायला बसवून हेच तपासलं होतं. संकटाचा अंदाज येत असेल तर कामवार रचना सरस, बेभरवशाचं असेल तर विभागवार. २००४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: कामवारकडून विभागवारकडे जाणारे संघ सावरतात, उलट जाणारे अडखळतात. साहजिकच आहे, स्वतंत्र कारभाराची सवय झालेल्याला शेजाऱ्याला विचारायचं सुचत नाही. म्हणून ऐन पुरात ‘सगळ्या बोटी आता माझ्याकडे’ असा फतवा काढू नका, साहेब कितीही मोठे असले तरी.

एकाच वस्तीत दोन बोटी पोचल्या, तर पथकाला हुकूम देणारे दोघं आहेत असं समजा. एका रंगीत तालमीत आमची बोट दोन फोनमुळे दोनदा माघारी आली होती. कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या वणव्यांनंतर घडलेल्या आणि २०१० मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपल्याकडे आणलेल्या आपत्ती हाताळण्याच्या पद्धतीत एका माणसाला एकच वरिष्ठ असतो. एका वरिष्ठाच्या हाताखाली साधारण पाच जण, फार तर सात. आठवा आला की मधे एक गटप्रमुख नेमा आणि त्याचं नाव फळ्यावर लिहा, व्हॉट्सॲपवर नको.