कृष्णेत पोहणाऱ्यांनो, स्कूबात दम धरू नका

सांगलीत कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्याला पाण्याखाली दम धरायची सवयच असते. मालवणला स्कूबा (पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं) करताना तीच घातक ठरते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथला श्वास कोंडून वर आलात तर हवा फुगून फुफ्फुस फाटू शकतं. हवा संपलीच तर तळहात गळ्यावरून आडवा फिरवून खूण करा, जोडीदाराचा जादा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा भाग) तोंडात घ्या (आधी फुंकून पाणी काढा) आणि एकमेकांना धरून सावकाश वर या. मिनिटाला ९ मीटर पुरे. जोडीदार लांब असेल आणि खोली कमी, तर ‘आऽऽ’ करत हवा सोडत वर निघा. स्वतःचा रेग्युलेटर मात्र काढू नका. दाब घटला की रिकाम्या वाटणाऱ्या सिलिंडरमधूनही एखादा श्वास मिळतो.