इंडक्शन, कॉईलची शेगडी आणि भिंतीतला सॉकेट: या चुका टाळा

आमच्या घरात मासे येत नाहीत, अंडंसुद्धा वरच्या मजल्यावरची पोरं चोरून आणतात, तरी मागच्या एप्रिलमध्ये दोन दिवस किचनमध्ये नुसता मासळीचा वास. फ्रिज ओढला, सिंकखालचं सगळं काढलं, पाल मेली असेल म्हणून खिडकीच्या जाळीपर्यंत शोधलं, काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला इंडक्शन लावलं अन् पाच मिनिटात वास पुन्हा सुरू, तेव्हा डोक्यात आलं की हा शेगडी चालू असतानाच येतो. वायरमनमामांना बोलावलं. त्यांनी मेन बंद करून सॉकेट उघडला तर एका भोकाची पितळ काळीनिळी पडलेली, स्क्रू ढिला, आणि वायरवरचं प्लॅस्टिक पापडासारखं कडक, बोट लावलं की तुटायलं. मामा म्हणाले, "ताई, शेगडीला कायबी झालं नाही, तुमची भिंत जळायलीय." सॉकेटचं प्लॅस्टिक तापलं की असाच मासळीसारखा वास येतो म्हणे. तुमच्या घरात असा वास आला अन् मासे शिजत नसतील तर आधी पाल शोधू नका, मेन बंद करा.

आमचं घर लातूरला, वर चार खोल्या नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या पोरांना दिलेल्या, त्यामुळं एका घरात पाच-सहा शेगड्या. इंडक्शन, इन्फ्रारेड (काचेखाली लाल होऊन तापणारी), उघड्या कॉईलची, हॉट प्लेट, सगळे प्रकार मी बघितलेत आणि सगळ्यांच्या चुकाही, त्यातल्या निम्म्या माझ्याच.

पहिली माझीच. इंडक्शन आणलं तेव्हा त्याचा जाड पिनांचा प्लग किचनमधल्या साध्या सॉकेटात बसेना. आमच्या ह्यांनी दुकानातून कन्व्हर्टर आणला, छोटा पांढरा, आणि काम झालं. पण तो प्लग जाड असतोच कशाला, हे कुणी विचारलं नाही. साधा हिशेब आहे, २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते आणि ते मोबाईल चार्जरचं, मिक्सरचं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. एकदा चहा केला तर काही होत नाही, म्हणूनच आपण फसतो, पण रोज वरण, भात, भाजी असं तासभर चाललं की ते आतल्या आत तापत राहतं, तापलं की स्क्रू ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतं. कन्व्हर्टर तर त्यात आणखी एक ढिला सांधा वाढवतो. एक्स्टेंशन बोर्डाचंही तेच, त्यात त्याची वायर गुंडाळून ठेवलेली असली तर अजून वाईट, गुंडाळीत उष्णता कोंडते.

शेगडीला १६ अँपिअरचा सॉकेटच पाहिजे, बोर्डापासून वेगळी लाईन, तांब्याची वायर कमीत कमी अडीच एमएमची (वायरमन असंच म्हणतात, म्हणजे अडीच स्क्वेअर एमएम), लांब जायची असली तर चार एमएम. गिझर अन् इंडक्शन एका लाईनवर नको. आणि एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडून लाईन तोडणारं बोर्डातलं बटण) पडायलाय म्हणून मोठा एमसीबी बसवून देणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एमसीबी वायर वाचवायला असतो, वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला की एमसीबी पडायचा थांबतो अन् वायर जळायला लागते. घरच्या घरी करायची तपासणी सोपी आहे, वीस मिनिटं स्वयंपाक झाल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा. कोमट चालतो, चटका बसला किंवा पिनेजवळ तपकिरी डाग दिसला तर तो सॉकेट त्या दिवसापासून बंद. आणि जमलं तर सॉकेट शेगडीच्या बरोबर मागं, वर नसावा. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर बटण बंद करायला जाळावरून हात घालावा लागेल, हे सॉकेट बसवताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आता वरच्या मजल्याची गोष्ट. पोरांना मेसचं जेवण नको असतं, रात्री अकराला भूक लागते, मग ती उघड्या कॉईलची शेगडी येते, पांढऱ्या मातीच्या खाचेत स्प्रिंग बसवलेली, लाल होते ती. स्वस्त मिळते आणि कुठलंही भांडं चालतं. एक दिवस एक पोरगं खाली आलं, "काकू, खिचडी शॉक मारायलीय." मी आधी हसले, खोटं कशाला बोलू. वर जाऊन बघितलं तर पातेल्यातून पाणी उतू जाऊन कॉईलवर पडलेलं, आणि हा स्टीलच्या चमच्यानं ढवळायलाय, चप्पल नाही, फरशी ओली. त्या शेगडीतली स्प्रिंग म्हणजे नुसतीच गरम तार नाही, तीत करंट उघडाच खेळत असतो. भांड्याचं बूड तिला टेकलं किंवा मधे उतू गेलेलं दूध, पाणी आलं तर अख्खं भांडं करंटचं होतं. त्याच्या शेगडीला टू-पिन प्लग होता, म्हणजे अर्थिंगचा, गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेचा, विषयच मिटला. ते पोरगं वाचलं ते नशिबानं.

आणखी एक गोष्ट मलाही तोवर माहीत नव्हती. फेज (करंट आणणारी तार) अन् न्यूट्रल (परत नेणारी) उलटे जोडले असतील किंवा टू-पिन उलटी घातली असेल तर शेगडीवरचं बटण बंद केलं, कॉईल गार पडली, तरी तारेत करंट राहू शकतो. म्हणून पुसायचं असलं तर बटणावर विसंबू नका, प्लग ओढून बाजूला ठेवा अन् मगच फडकं घ्या. मी आता उघड्या कॉईलची शेगडी खोलीत ठेवूच देत नाही, भाडं सोडीन पण ती नको. इंडक्शन चालेल, झाकलेली हॉट प्लेट चालेल, तीन पिनांची.

ती तिसरी पिन, जाड अन् थोडी लांब, अर्थिंगची, ती लांब असते कारण प्लग घालताना आधी तिनं जोडलं जावं अन् काढताना शेवटी सुटावं. लोक ती कापून टाकतात, बसत नाही म्हणून. आणि पिन आहे पण तिच्या पलीकडे काहीच जोडलेलं नाही अशी घरं तर आपल्याकडं भरपूर. अर्थिंगचा खड्डा असला तरी उन्हाळ्यात आपला मुरूम असा कोरडा ठणठणीत होतो की करंट जमिनीत जायला वाटच नीट मिळत नाही, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, त्या वर्षी अर्थिंगला पाणी घाला म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. आता ती सबब नाही, कपडे धुतलेलं शेवटचं पाणी ओता, बादलीभर.

शिवाय बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा, बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचा. एमसीबी आहे म्हणून आपण निवांत असतो, पण माणसाला शॉक बसला तर एमसीबीला पत्ताही लागत नाही, तेवढा करंट त्याच्यासाठी किरकोळ. आरसीसीबीला लागतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, फटकन पडला पाहिजे. आणि कुणाला शॉक बसून तो चिकटलाच असेल तर त्याला हातानं ओढू नका, मेन बंद करा, बंद करणं जमेना तर कोरड्या लाकडानं बाजूला ढकला अन् १०८ ला फोन लावा.

लाईटचं दुखणं वेगळं. ती जाते यापेक्षा येते कशी हा प्रश्न. गेली की आपण शेगडीचं बटण तसंच ठेवून अंगणात जाऊन बसतो आणि येते तेव्हा पहिल्या झटक्याला कधी व्होल्टेज उसळलेलं असतं, त्यात इंडक्शनच्या आतला सर्किट बोर्ड जातो. डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल तुटला तर बोलायलाच नको, घरात २३० च्या जागी चारशेपर्यंत व्होल्टेज येऊ शकतं, गल्लीतले टीव्ही, फ्रिज एकदम जातात. लाईट गेली की भिंतीचं बटण बंद, आल्यावर ट्यूब नीट लागलीय का बघून दोन-चार मिनिटांनी चालू. वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की प्लगच काढून ठेवा. टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर इंडक्शन लावू नका, तो तेवढ्या ताकदीचा नसतो. आणि इन्व्हर्टरवर तर अजिबातच नको. बारा व्होल्टच्या बॅटरीतून २००० वॅट काढायचे म्हणजे दीडशेच्या वर अँपिअर, घरगुती इन्व्हर्टर तिथंच मान टाकतो.

भांड्यांवर मात्र आमच्या घरात महाभारत झालं. सासूबाईंना वाटायचं शेगडी बिघडलीय, सारखी टीं टीं करते अन् तापत नाही. शेगडी ठीक होती, वर हिंदालियमची, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच जातीची, कढई होती. इंडक्शन स्वतः तापतच नाही, काचेखालची गुंडाळी चुंबकाचं क्षेत्र झरझर बदलत राहते अन् त्यानं भांड्याच्या बुडात करंट फिरून बूडच तापतं, म्हणून बूड चुंबक धरणारं पाहिजे. जुन्या स्पीकरचा चुंबक बुडाला लावा, घट्ट चिकटला तर चालणार. तांबं, पितळ, हिंदालियम, मातीचं भांडं नाही चालत, स्टीलमध्ये काही चालतं, काही नाही.

मग भाकरीचा तवा. लोखंडी आहे, चुंबक चिकटतो, पण आपला तवा खोलगट, गोल बुडाचा, तो काचेवर मधेच टेकतो. भाकरी मधे करपते आणि कडा कच्च्या. सपाट बुडाचा जाड तवा घ्या, सुरुवात ८०० वर करा, तवा सगळीकडून तापला की वाढवा. रिकामा पातळ तवा एकदम २००० वर ठेवला की वाकडा होतो अन् वाकडा झाला की पुन्हा तेच रडगाणं. भाकरी शेवटी जाळावर फुगवायची सवय असते ती इथं नाही, तव्यावरच उलटून फडक्यानं हलकी दाबत फुगवायची, जमतं आठवड्यात. सासूबाईंना नाही जमलं, त्या भाकरी अजून गॅसवरच करतात आणि मी वाद घालत नाही. तवा काचेवरून ओढायचा नाही, उचलायचा. काचेला बारीकशी चीर जरी दिसली तरी शेगडी वापरणं बंद, त्या चिरेतून उतू गेलेलं आत जातं.

फोडणीलाही सवय बदलावी लागते. गॅसचा जाळ दिसतो, इथं काही दिसत नाही, आवाज नाही, आणि पळीभर तेल बघता बघता धुरावतं. मोहरी आणायला डब्याकडं वळायचं नाही, सगळं हाताशी ठेवून मग बटण. तेल पेटलंच तर पाणी टाकू नका, भडका उडतो. बटण बंद, वरून ताट झाकायचं अन् गार होईपर्यंत उघडायचं नाही.

इंडक्शन दहा मिनिटं चालून आपोआप बंद पडत असेल तर खाली वाकून बघा. तिच्या पोटाशी पंखा असतो, तो खालून हवा घेतो. आपण ओटा खराब होऊ नये म्हणून खाली पेपर किंवा प्लॅस्टिक अंथरतो, तेच पंख्याला चिकटतं अन् शेगडी गुदमरते. आमच्याकडं पेपर नव्हता, तर पीठ निघालं, ज्वारीचं. शेजारीच परात मांडून भाकरी थापायच्या, ते पीठ उडून पंख्यातून आत, त्यावर फोडणीचा तेलकटपणा, थर बसलेला. प्लग काढून कोरड्या ब्रशनं झटका, भिंतीपासून चार-पाच इंच पुढं ठेवा. स्वयंपाक झाल्या झाल्या भिंतीचं बटण बंद करू नका, पंखा थोडा वेळ फिरतो, फिरू द्या. आतल्या उबेला झुरळं येतात, तेवढ्यासाठी ओटा रात्री पुसलेला बरा.

उघडून मात्र बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज राहतो. स्क्रीनवर ई अन् आकडा आला तर कंपनीच्या पुस्तिकेत बघा, प्रत्येकीचे आकडे वेगळे. संध्याकाळी लाईट डिम असतानाच येत असेल तर बहुतेक व्होल्टेज कमी पडतंय. प्लग घातल्या घातल्या एमसीबी पडला तर आत शॉर्ट आहे, पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. आरसीसीबी पडला तर कुठंतरी करंट गळतोय, बरेचदा आत पाणी गेलेलं असतं.

पुसण्याचं थोडक्यात सांगते, काच गार झाल्यावर ओलसर फडकं, तारेची घासणी नाही, नळाखाली तर कधीच नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग पडतात ते लिंबाच्या फोडीनं निघतात. गुळाचा पाक सांडला तर बिचाऱ्या काचेचं खरं नाही, तो वाळला की दगड होतो. बटण लगेच बंद करा आणि पाक कोमट असतानाच लाकडी उलथन्यानं उचला. इन्फ्रारेडची काच बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते, इंडक्शनचीही भांड्याच्या उष्णतेनं तापते, लहान लेकरू घरात असलं तर वर रिकामं भांडं ठेवून द्यायची सवय चांगली नाही, तेही ओढतात. घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारा, दोन फुटांवर उभं राहायला सांगतात साधारण.

आमच्या किचनची लाईन झाली, चार एमएमची. वरची अजून जुनीच आहे, जूनमध्ये नवीन बॅचची पोरं येतील त्याआधी ती बदलायचीय. मामा म्हणालेत मे संपायच्या आत येतो, कोणता मे ते विचारायचं राहिलं.