केळीच्या खांबाचा सापळा

रावेर-यावलकडं कापणी झाली की केळीचे खांब बांधावर तसेच पडून राहतात. त्यातल्याच एका ताज्या खांबाचे हात-दीड हात लांबीचे तुकडे करा, उभे चिरा आणि कापलेली बाजू खाली करून बागेत ठेवा. एकरी 25 पुरतात. सकाळी उलटून पाहा, खोडकिडीचे काळे-तांबूस सोंडे भुंगे चिकटलेले दिसतील.

रात्रीच्या अंधारात त्यांना तुकडा सापडतो कसा? या भुंग्याला लांब सोंड असते आणि सोंडेवरच कोपरासारख्या वाकलेल्या, टोकाला गाठ असलेल्या दोन मिशा. भिंगाखाली धरा, गाठीवर बारीक केसांची लव दिसते. त्यातल्या वास टिपणाऱ्या केसांना सूक्ष्म छिद्रं असतात. चिरलेल्या खांबाचा वास छिद्रातून आत शिरतो आणि मज्जापेशीला खबर देतो. नाक नाहीच, मिशीच नाक!

म्हणून तुकडा ताजाच हवा. सुकला की वास गेला, वास गेला की भुंगा फिरकत नाही. आठवडाभरात बदला, वैशाखात त्याआधीच.

भुंगे वेचून रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. बरेच जण तुकडे ठेवतात आणि विसरतात. त्यापेक्षा न ठेवलेले बरे, कारण भुंगी त्यातच अंडी घालते. जुने तुकडे, आणि बांधावरचे ते खांबसुद्धा, बारीक चिरून उन्हात वाळवा.