मुलाखत घेणारा निर्णय घेत नाही

गूगलच्या मुलाखतीची तयारी करणारी मुलं बहुतेक वेळा एकच विचारतात: लीटकोडवर (कोडिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावर) किती प्रश्न सोडवले की पुरे? मी बंगळुरूच्या ऑफिसात मुलाखती दिल्याही आणि घेतल्याही. आकडा मला सांगता येत नाही. पण समोर बसलेला माणूस त्या ४५ मिनिटांत काय करत असतो ते सांगतो, कारण त्याचाच उपयोग जास्त आहे.

तो टिपणं घेत असतो. तुम्ही काय विचारलंत, कुठे अडलात, थोडं सुचवल्यावर कसे वळलात, सगळं. नंतर तो सविस्तर अहवाल लिहितो. तुम्हाला घ्यायचं की नाही, हे तो एकटा ठरवत नाही. सगळ्या फेऱ्यांचे अहवाल एका समितीपुढे जातात आणि समितीतल्या लोकांनी तुम्हाला सहसा पाहिलेलंही नसतं. त्यामुळे जे तुम्ही मनातल्या मनात केलंत, ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

समजा प्रश्न आला: दिवसभरातल्या मीटिंगांच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा दिल्या आहेत, कमीत कमी किती खोल्या लागतील? प्रश्न जुना आहे, सगळ्यांनी केलेला असतो. ज्याला तो पाठ आहे तो मान खाली घालून कोड लिहायला लागतो. उत्तर बरोबर येतं, पण अहवालात त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही उरत नाही. दुसरी एखादी मुलगी आधी विचारते: दहाला संपणारी आणि दहालाच सुरू होणारी मीटिंग एका खोलीत चालेल का? यादी क्रमाने लावलेली आहे का? रिकामी असू शकते का? मग साधा मार्ग बोलून दाखवते: प्रत्येक मीटिंग सुरू होताना बाकीच्या किती चालू आहेत ते मोजायचं. मीटिंगा एन असतील तर त्याला एन-वर्ग वेळ लागेल, म्हणून तो सोडते. सुरुवातीच्या वेळेनुसार सॉर्ट करून, चालू मीटिंगांच्या संपण्याच्या वेळा हीपमध्ये (सर्वांत लहान आकडा कायम वर ठेवणाऱ्या रचनेत) ठेवल्या, तर सर्वांत आधी मोकळी होणारी खोली वरच सापडते. काम एन लॉग एन मध्ये, म्हणजे एन-वर्गाहून बऱ्याच कमी वेळात होतं. कोड झाल्यावर कोणी न सांगता तीन मीटिंगांचं उदाहरण घेऊन तो ओळीओळीने चालवून बघते. असा अहवाल लिहायला मला मनापासून आवडायचं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना बोलण्याचीच धास्ती असते. सफाईदार इंग्रजी लागत नाही, तुटक वाक्यांतूनही विचार कळतो. रूममेटला समोर बसवा. प्रश्न आधी मराठीत मोठ्याने सोडवा, मग तोच इंग्रजीत. कोड कोऱ्या डॉकमध्ये लिहा, ऑटोकम्प्लीट आणि कंपाइलरशिवाय.

डोकं खाजवायला लावणाऱ्या कोड्यांची (पझल्सची) पुस्तकं मात्र बाजूला ठेवा. असल्या कोड्यांतून काही कळत नाही, हे २०१३ सालीच गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी जाहीरपणे सांगितलं होतं.

तुमच्या स्वभावाची, टीममधल्या वागण्याची चौकशी होते तिथेही हाच नियम. सारखं ‘आम्ही केलं, आम्ही केलं’ म्हणालात, तर तुमचा वाटा कागदावर येत नाही. वाद झाला असेल तर तुमचं म्हणणं काय होतं, समोरच्याचं काय होतं, आणि शेवटी कशावरून ठरलं, हे सांगा.

नोकरी लागल्यावर विचार उघड मांडण्याची ही सवय आणखी कामाला येते. गूगलचा बहुतेक कोड एकाच सामायिक भांडारात राहतो. २०१५ सालीच त्यात सुमारे २०० कोटी ओळी होत्या. तिथे तुमचा प्रत्येक बदल दुसरं कोणीतरी वाचून ‘एलजीटीएम’ (लुक्स गुड टू मी, म्हणजे ‘मला ठीक वाटतं’) म्हणतं, तेव्हाच तो आत जातो. त्या भागाच्या मालकांची संमती लागते, आणि त्या प्रोग्रामिंग भाषेतली ‘रीडेबिलिटी’ (गूगलच्या शैलीत वाचनीय कोड लिहिता येतो अशी मान्यता) तुमच्याकडे नसेल तर ती असलेल्याचीही. नवख्यांना रिव्ह्यूवरच्या वीस-वीस टिप्पण्या बघून धडकी भरते. त्या तुमच्यावर नसतात, कोडवर असतात. प्रत्येकीला उत्तर द्या, पटली नाही तर कारण लिहा. पहिले बदल छोटे ठेवलेत तर वाचणारा लवकर वाचतो.

सेवा कोलमडली की पोस्टमॉर्टेम, म्हणजे काय आणि का बिघडलं याचा अहवाल लिहितात. त्यात दोष कोणाचा हे शोधत नाहीत; यंत्रणेत कुठली फट होती आणि ती कशी बुजवायची, हे लिहितात. रुजू झाल्यावर आपल्या टीमची जुनी पोस्टमॉर्टेम आणि डिझाइन डॉक (कोड लिहिण्याआधी केलेले लेखी आराखडे) मागून घ्या. डिझाइन डॉकमध्ये नाकारलेल्या पर्यायांचा भाग असतो, तो आधी वाचा.