आयपीएतलं पाणी ०.७ टक्क्यावर अडलं, ते कसं सुटलं

आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी यांचं मिश्रण साध्या ऊर्ध्वपातनाने साधारण ८७-८८ टक्के आयपीएवर अडतं. पुढचं पाणी पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) मेम्ब्रेनने काढतो: एका बाजूला गरम मिश्रण म्हणजे फीड, पलीकडे व्हॅक्यूम; पाणी वाफ होऊन पलीकडे जातं आणि कंडेन्सरमध्ये थंड होऊन जमतं. फीड ९० अंशांवर, उकळू नये म्हणून दाबाखाली. तरी पाणी ०.७ टक्क्याखाली जाईना.

मेम्ब्रेन बदलण्याआधी पर्मिएट, म्हणजे मेम्ब्रेनपलीकडे गेलेला द्रव, तपासा, हे मी आग्रहाने सांगेन. त्यात आयपीए एकदम वाढलं असेल तर गॅस्केट गळतंय किंवा मेम्ब्रेन फाटलंय. इथे ते नेहमीइतकंच होतं. व्हॅक्यूम पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब पाहिला. हवेची गळतीही नव्हती.

दोष कंडेन्सरचा. त्याला थंड करणारं कूलिंग टॉवरचं पाणी ३२ अंशांचं, आणि त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब सुमारे ४८ मिलिबार. पंप कितीही मोठा लावा, पर्मिएटच्या बाजूचा दाब त्याखाली फारसा उतरत नाही. फीडमध्ये पाणी अर्ध्या टक्क्यावर आलं की त्याचा आंशिक दाबच ३५ मिलिबारच्या आसपास. मग ते पलीकडे जाईल कशाच्या जोरावर?

कंडेन्सरला ५ अंशांचं चिल्ड वॉटर जोडलं. दाब १५ मिलिबारपर्यंत आला, पाणी ०.३ टक्क्यापर्यंत उतरलं. थंड करायला ग्लायकॉल (न गोठणारा द्रव) वापरलंत तर ते शून्याखाली नेऊ नका, पर्मिएट बहुतांश पाणीच असल्याने नळ्यांत बर्फ धरतो. बाष्पीभवनाची उष्णता फीडमधूनच जाते आणि फीड थंड होतं, म्हणून दोन मेम्ब्रेन मॉड्यूलमधला हीटरही तपासा.