कॅलगरीत नवीन आलेल्यांसाठी: ड्रमहेलरचा शनिवार-रविवार

कॅलगरीत नवीन आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला पहिल्याच महिन्यात कोणीतरी बॅन्फ दाखवून आणतो. मग पाहुणे आले की पुन्हा बॅन्फ, भारतातून आई-वडील आले की पुन्हा बॅन्फ, असा क्रम सुरू होतो. तिथले डोंगर सुंदर आहेत, याविषयी वाद नाही. परंतु त्यानंतरच्या एखाद्या शनिवारी गाडी पश्चिमेऐवजी ईशान्येला न्यावी आणि ड्रमहेलरला एक रात्र मुक्काम करावा, असे मी नव्याने येणाऱ्यांना आग्रहाने सांगत आलो आहे. बहुतेक जण हे ठिकाण एका दिवसात उरकतात. सकाळी उशिरा निघायचे, भर दुपारी तिथल्या डायनासोर-संग्रहालयातल्या गर्दीत फिरायचे, डायनासोरच्या पुतळ्यासमोर फोटो काढायचे आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी परतायचे. अशा सहलीतून मुलांना प्लास्टिकचा डायनासोर मिळतो आणि मोठ्यांना पाठदुखी. ज्या जमिनीमुळे हे सगळे तिथे आहे, ती जमीन मात्र पाहायची राहून जाते.

आधी गाडीचे बोलू, कारण नवीन मंडळींची पहिली अडचण तीच असते. ड्रमहेलर कॅलगरीपासून सुमारे १३५ किलोमीटर, म्हणजे दीड तासावर आहे, आणि तिथली ठिकाणे एकमेकांपासून इतकी लांब आहेत की स्वतःची किंवा भाड्याची गाडी असल्याशिवाय काहीच जमत नाही. भारतातला वाहन परवाना अल्बर्टात, म्हणजे कॅलगरीच्या प्रांतात, रहिवासी झाल्यापासून ९० दिवसच चालतो. त्यानंतर इथला परवाना नसेल, तर चाकाला हात लावू नये, मग पुण्यात वीस वर्षे गाडी चालवलेली असली तरीही. भाड्याच्या गाडीचे चाक जो जो हातात घेणार असेल, त्या प्रत्येकाचे नाव करारात लिहून घ्यावे. मित्रांच्या गटात नेमका इथेच आळस होतो, आणि काही घडले तर विम्याचा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. सहा वर्षांखालील आणि १८ किलोपर्यंत वजनाच्या मुलाला त्याच्या मापाच्या सुरक्षा-आसनात बसवणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ‘चार पावले तर जायचे आहे, मांडीवर घेऊ’ हा आपला समजूतदार उपाय इथे चालत नाही. किती गाड्या लागणार हे माणसांच्या संख्येवरून न ठरवता मुलांच्या आसनांवरून ठरवावे.

नऊ क्रमांकाच्या महामार्गावर लागलात की दोन्ही बाजूंना गहू आणि कॅनोलाची सपाट शेते दिसू लागतात, आणि तासभर दुसरे काहीही दिसत नाही. मागच्या आसनावरून ‘डायनासोर कुठे आहेत?’ असा प्रश्न तिसऱ्यांदा येतो आणि त्याच सुमारास, ड्रमहेलरच्या १७ किलोमीटर अलीकडे, डावी-उजवीकडची जमीन अचानक खाली खचल्यासारखी होते. ही हॉर्सशू कॅन्यन. पहिला थांबा इथेच घ्यावा आणि संग्रहालय त्यानंतर पाहावे, हा माझा ठाम आग्रह आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने हे खोरे कापून काढले आणि त्यामुळे सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे थर उघडे पडले. त्या काळी इथे उत्तर अमेरिकेच्या मध्यावर पसरलेल्या उथळ समुद्राचा किनारा होता. नद्या, दलदल आणि दाट झाडी होती. टेकडीच्या उतारावर दिसणारे काळे पट्टे हे त्या दलदलीतल्या झाडांचे, म्हणजे कोळशाचे आहेत, आणि फिकट पट्टे नद्यांनी आणलेल्या वाळूचे व गाळाचे आहेत. मुलांना एवढे इथे उभे राहून दाखवले की संग्रहालयातला सांगाडा हवेतून आलेला वाटत नाही.

सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला इथे आणखी एक गोष्ट जाणवते. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा लाव्हाचा, आणि लाव्हाच्या थरात हाडे शोधून उपयोग नसतो. म्हणून पश्चिम महाराष्ट्रात डायनासोर भेटत नाहीत. विदर्भात, जिथे त्या लाव्हाच्या खालचा गाळ वर दिसतो, तिथे मात्र ते भेटतात. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरचे अवशेष सापडले, १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या ‘आयएसआय’ या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसिसॉरस हे नाव मिळाले. इथे जन्मलेल्या मुलांना ‘तुमच्या आजोळीही डायनासोर होते’ असे सांगता येते, आणि माझा अनुभव असा की ही माहिती त्यांना टी-रेक्सपेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

ड्रमहेलरचे नाव आज डायनासोरमुळे घेतले जात असले, तरी हे गाव वसले ते कोळशामुळे. जोसेफ बर टिरेल हा पंचविशीतला भूवैज्ञानिक १८८४ च्या ऑगस्टमध्ये कोळशाच्या शोधात या खोऱ्यात फिरत असताना त्याला एका मांसाहारी डायनासोरची कवटी दिसली. अल्बर्टा प्रांत १९०५ मध्ये स्थापन झाला, आणि त्याच वर्षी हेन्री फेअरफील्ड ऑसबॉर्न यांनी त्या प्राण्याला अल्बर्टोसॉरस हे नाव दिले. पुढे या खोऱ्यात १३९ खाणी निघाल्या आणि एकामागून एक बंदही पडल्या. ईस्ट कूली येथील ॲटलास ही खाण १९७९ मध्ये थांबली आणि आज ती राष्ट्रीय वारसास्थळ म्हणून पाहता येते. टिरेलच्या नावाचे संग्रहालय १९८५ मध्ये उघडले आणि त्यानंतर पाच वर्षांनी त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. गावाच्या वायव्येस सहा किलोमीटरवर, त्याच मातकट टेकड्यांच्या कुशीत ते उभे आहे.

रॉयल टिरेलची तिकिटे आधी ऑनलाइन काढावीत आणि शनिवारी दुपारऐवजी रविवारी दार उघडतानाच आत जावे. मुक्कामाचा खरा फायदा हाच आहे, कारण कॅलगरीहून निघालेल्या गाड्या पोहोचेपर्यंत तुमचे निम्मे संग्रहालय शांतपणे पाहून झालेले असते. उन्हाळ्यात ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असते. हिवाळ्यात मात्र सोमवारी बंद असते, तेव्हा जोडून सुट्टी घेताना हे लक्षात ठेवावे. सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. ‘ब्लॅक ब्युटी’ नावाचा टी-रेक्स चुकवू नये. क्रोजनेस्ट पास भागात मासे पकडायला गेलेल्या दोन शाळकरी मुलांना तो १९८० मध्ये सापडला, आणि मँगनीजमुळे त्याची हाडे काळीभोर झाली आहेत. मला स्वतःला सर्वांत जास्त वेळ उभे करते ते बोरेलोपेल्टा. २०११ मध्ये फोर्ट मॅकमरीजवळच्या तेलवाळूच्या खाणीत यंत्र चालवणाऱ्या शॉन फंक यांना वेगळ्याच रंगाचा दगड दिसला आणि त्यांनी काम थांबवले. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी मरून समुद्रात वाहत गेलेला हा चिलखती प्राणी तळाशी गाळात बसला, त्यामुळे त्याची कातडी आणि खवले जागच्या जागी टिकले. समोर सांगाडा नाही, झोपलेले जनावर आहे असे वाटते. मार्क मिचेल या तंत्रज्ञाने सुमारे ७,००० तास खपून त्याच्यावरचा दगड काढला, आणि प्राण्याच्या शास्त्रीय नावात त्याचेच नाव घातले गेले. असले काम कसे चालते हे काचेआडच्या प्रयोगशाळेत पाहता येते. मुले तिथे खिळून राहतात, त्यांना ओढून नेऊ नये.

गावातल्या मोठ्या पुतळ्याविषयी थोडक्यात. तो २६ मीटर उंच आहे, खऱ्या टी-रेक्सच्या मापाशी त्याचा काही संबंध नाही, आणि १०६ पायऱ्या चढून त्याच्या जबड्यात उभे राहता येते. आठ वर्षांखालील मुले बरोबर असतील तर जाणे टळत नाही. नसतील तर खालून पाहिला तरी पुरे.

आता संध्याकाळ. जून महिन्यात इथे रात्री पावणेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे नवीन माणसाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण त्यामुळेच शनिवारी सात-साडेसातला, ऊन उतरल्यावर, गावाच्या आग्नेयेला १६ किलोमीटरवर असलेले हूडू पाहायला निवांत जाता येते. वर कठीण दगडाची टोपी आणि खाली वाळूच्या दगडाचा खांब, असे हे पाच ते सात मीटर उंचीचे छत्रीसारखे आकार आहेत. टोपी पडली की खांबही लवकर झिजतो, म्हणून त्यांच्यावर चढू नये. दुपारी हा भाग तापून पार भट्टी होतो आणि सावली कुठेच नसते, तेव्हा माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि पूर्ण तळव्याचे बूट हवेतच. निवडुंग बुटाच्या उंचीवर असतो आणि क्वचित खुळखुळ्या सापही दिसतो, म्हणून दगडाच्या फटीत हात घालू नये.

पावसाविषयी मात्र मी अनुभवाने बोलतो. इथल्या मातीत बेंटोनाइट असते आणि ती भिजली की साबणासारखी निसरडी आणि त्याच वेळी चिकट होते. पहिल्या सहलीत सर येऊन गेल्यावर ‘आता थंड झाले आहे’ म्हणून मी उत्साहाने सगळ्यांना उतारावर नेले. आमच्यापैकी तिघे बसल्या बसल्या खाली आले, माझा एक बूट तिथेच राहिला, आणि भाड्याच्या गाडीच्या साफसफाईचे वेगळे पैसे भरावे लागले. कोकणातल्या चिखलात वाढलेल्या मित्रानेही त्या दिवशी हात टेकले. पाऊस पडून गेला असेल तर तो दिवस सरळ संग्रहालयाला द्यावा.

हाड सापडले तर काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक गटात कोणीतरी विचारतोच. (दगड जिभेला चिकटला तर हाड, ही जुनी चाचणी खरी आहे, पण मुलांना शिकवू नये, ती मग वाटेत दिसेल ते चाटत सुटतात.) अल्बर्टात जीवाश्मांची मालकी प्रांताकडे असते. जमीनमालकाच्या परवानगीने पृष्ठभागावर पडलेला तुकडा उचलून सांभाळता येतो, पण तो विकता येत नाही आणि परवान्याशिवाय प्रांताबाहेर नेता येत नाही, म्हणजे भारतातल्या भाच्यासाठी बॅगेत टाकणेही त्यात आलेच. प्रांतिक उद्यानांत काहीही उचलायचे नाही, आणि परवान्याशिवाय कुठेच खोदायचे नाही. दंड ५०,००० डॉलरपर्यंत आणि कैद एक वर्षापर्यंत होऊ शकते. नव्याने आलेल्या माणसाने असला गुन्हा हौसेपोटी ओढवून घेऊ नये. मोठे काही दिसले तर हात न लावता छायाचित्र काढावे, फोनवर जागेची खूण करून ठेवावी आणि संग्रहालयाला कळवावे. २००५ मध्ये ओल्डमन नदीकाठी पीटर ह्यूज यांना असेच खडकातून डोकावणारे हाड दिसले होते, आणि २०१५ मध्ये त्या शिंगाड्या प्राण्याचे नाव रेगॅलिसेराटॉप्स पीटरह्यूजी असे ठेवण्यात आले.

मुक्कामासाठी लाँग वीकएंड टाळावा. त्या दिवसांत दर चढलेले असतात आणि खोल्या मिळत नाहीत. तंबू ठोकायचा असेल तर नदीकाठचे डास गृहीत धरावेत, आणि चूल पेटवण्यापूर्वी त्या दिवशी आगबंदी आहे का ते पाहावे. खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी फार आशा न ठेवता दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभाताचा डबा बरोबर ठेवलेला बरा. पैशांचे मात्र निघण्यापूर्वीच बोलावे. पेट्रोल गाडीमागे, खोली कुटुंबामागे आणि तिकिटे ज्याची त्याने, असे ठरवले की पुरते. पुण्याची ‘टीटीएमएम’ पद्धत परदेशात संकोच न करता वापरावी, कारण इथे पहिल्या वर्षी प्रत्येकाचे बजेट वेगळे असते आणि ते कोणी बोलून दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयातून बाहेर पडल्यावर ‘आता डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्कही करून टाकू’ अशी टूम निघते, ती मोडून काढावी. १९७९ पासून जागतिक वारसा असलेले ते उद्यान ब्रुक्सजवळ, ड्रमहेलरपासून दोन तासांवर आहे आणि त्याचा बराचसा गाभा वाटाड्याबरोबरच पाहता येतो. त्याची फेरी आधी आरक्षित करून स्वतंत्र शनिवार-रविवार ठेवावा. त्याऐवजी वेन नावाच्या जवळजवळ ओसाड वस्तीकडे जाणारा छोटा रस्ता धरावा. सहा किलोमीटरमध्ये तो अकरा पूल ओलांडतो आणि मुले मोजताना दर वेळी चुकतात. पेट्रोल गावातच भरून घ्यावे आणि परतीला तिन्हीसांज होणार असेल, तर वेग कमी ठेवून शेजारी बसलेल्याला जागे ठेवावे, कारण त्या वेळी हरणे शेतातून थेट रस्त्यावर येतात आणि एक दिसले की त्याच्यामागे दुसरे असतेच.